श्रद्धा, शिफ्ट आणि गणवेश

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१२ साली ग्रॉफ नावाचा एक माणूस टपाल खात्यात लागला. नेहमीचे पोस्टमन रजेवर गेले की त्यांच्या जागी टपाल वाटायचे, असे त्याचे बदली काम होते. तो कट्टर इव्हँजेलिकल ख्रिस्ती. रविवार हा देवाचा आणि विश्रांतीचा वार, त्या दिवशी पोटापाण्याचे काम करायचे नाही, ही त्याची श्रद्धा. त्या वेळी रविवारी टपाल वाटले जातच नसल्यामुळे अडचण नव्हती. पण २०१३ मध्ये टपाल खात्याने अ‍ॅमेझॉनशी करार केला आणि रविवारीही पार्सले घरोघर जाऊ लागली. त्याने रविवारची सक्ती नसलेल्या लहान टपाल कार्यालयात बदली मागून घेतली. पुढे तिथेही रविवारचे वाटप सुरू झाले. तो रविवारी येईना, त्याच्या वाट्याचे काम सहकाऱ्यांवर पडू लागले, त्याच्यावर शिस्तभंगाच्या कारवाया होत गेल्या. २०१९ च्या जानेवारीत त्याने राजीनामा दिला आणि खात्याला कोर्टात खेचले.

या ग्रॉफ खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी एकमताने दिला. एरवी उजवे-डावे अशी उभी फूट असलेल्या त्या न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश या प्रश्नावर एका बाजूला आले, ही गोष्टच पुष्कळ सांगून जाते. माणूस कामावर येतो तेव्हा त्याने श्रद्धा घरी ठेवून यावे का? आणि नसेल, तर मालकाने तिच्यासाठी किती जागा करून द्यायची? या दोन प्रश्नांवर अमेरिका साठ वर्षे वाद घालते आहे. त्या वादातून जे शहाणपण निघाले ते आपल्याही कामाचे आहे, कारण आपल्याकडे हा वाद नीट सुरूही झालेला नाही.

एकच नियम, पण सारखा नाही

मुळातला कायदा १९६४ चा. नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, रंग, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या कारणांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकांना तो लागू आहे, खासगी कंपन्यांनाही आणि सरकारी खात्यांनाही. तक्रारींसाठी समान रोजगार संधी आयोग नेमला गेला.

लवकरच लक्षात आले की धर्माचा प्रश्न बाकीच्यांहून थोडा निराळा आहे. ‘मुसलमानांना नोकरी नाही’ किंवा ‘ज्यूंना बढती नाही’ अशी उघड पाटी कायद्याने उतरवता येते. पण ‘सर्वांनी शनिवारी यावे’, ‘कोणीही दाढी ठेवू नये’, ‘डोक्यावर काही घालू नये’ असे नियम दिसायला सर्वांसाठी सारखे असतात. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसासाठी, शीख माणसासाठी किंवा हिजाब घालणाऱ्या मुलीसाठी मात्र त्यांचा अर्थ एकच होतो: इथे तुम्हाला जागा नाही. कोणाचा द्वेष करायचा म्हणून हे नियम केलेले नसतात. बहुसंख्यांची सवय हाच नियम होऊन बसतो, इतकेच. अमेरिकेतल्या ख्रिस्ती माणसाला रविवारची सुट्टी मागावी लागत नव्हती, कारण कॅलेंडरच त्याच्या धर्माने आखलेले होते. तो रविवार बाजाराने काढून घेतला, तेव्हा अल्पसंख्याकांचा जुना प्रश्न त्याच्याही दारात आला.

ही उणीव भरून काढली वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी. ते स्वतः शनिवार पवित्र मानणाऱ्या सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट पंथाचे होते. त्यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. धर्म म्हणजे केवळ मनातला विश्वास नव्हे, त्यातून येणारे आचरणही धर्मातच मोडते, असे कायद्याने म्हटले. त्या आचरणासाठी मालकाने वाजवी सोय करून दिली पाहिजे. धंद्यावर अवाजवी ताण पडत असेल तरच त्याला नकार देता येईल, आणि तसा ताण पडतो हे सिद्ध करण्याचा भार मालकावर राहील. ‘भेदभाव करू नका’ हे फक्त हात आखडायला सांगते, तर ‘सोय करून द्या’ हे हात पुढे करायला सांगते. कामाच्या जागेवरच्या धर्मस्वातंत्र्याची खरी सुरुवात या दुसऱ्या वाक्यापासून झाली.

दीडशे डॉलरचा ताण

पण या वाक्याला पाचच वर्षांत मोठा धक्का बसला. टीडब्ल्यूए या विमान कंपनीचा कॅन्सस सिटीला देखभाल तळ होता आणि तिथला सुट्या भागांचा विभाग वर्षाचे ३६५ दिवस, दिवसाचे २४ तास चाले. तिथला एक कारकून, हार्डिसन, शनिवार पाळणाऱ्या पंथात गेला. दुसऱ्या इमारतीत बदली झाल्यावर सेवाज्येष्ठतेच्या यादीत तो खाली गेला आणि शनिवारची पाळी त्याच्या वाट्याला आली. युनियन ज्येष्ठतेचा नियम मोडायला तयार नव्हती, कंपनी जादा पैसे मोजायला तयार नव्हती. त्याला काढून टाकले.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्येष्ठता हा इतर कामगारांनी करारातून मिळवलेला हक्क आहे, तो एकाच्या श्रद्धेसाठी मोडता येणार नाही, हा त्यातला भाग समजण्यासारखा होता. पण निकालपत्रात पुढे असेही आले की किरकोळ खर्चापेक्षा जास्त काहीही सोसावे लागले तर तो मालकावरचा अवाजवी ताण ठरेल. थर्गुड मार्शल हे त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. त्यांनी कडाडून विरोधी मत नोंदवले. बदली माणसाच्या जादा पगाराचा तीन महिन्यांचा हिशोब जेमतेम १५० डॉलर होत होता. एवढ्या मोठ्या विमान कंपनीला तो झेपत नाही, असे म्हणणे म्हणजे संसदेने केलेला कायदाच पुसणे होय, असा त्यांचा आक्षेप होता.

पुढची ४६ वर्षे खालची न्यायालये याच ‘किरकोळ खर्चा’चा आधार घेत राहिली. पाळी बदलायची तर पर्यवेक्षकाला दोन फोन करावे लागतात, एखादा सहकारी कुरकुरतो, एवढ्यावरही मालक सुटू लागले. याचा फटका सर्वांत जास्त बसला तो लहान धर्म-पंथांच्या माणसांना, म्हणजे ज्यू, मुसलमान, शीख आणि शनिवार पाळणारे ॲडव्हेंटिस्ट यांना.

ग्रॉफ निकालाने हे मोजमाप बदलले. न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिलेल्या या निकालानुसार आता मालकाला दाखवावे लागते की त्या विशिष्ट धंद्याचा विचार करता सोय देण्याचा खर्च भरीव आहे. चार माणसांच्या कार्यालयाला जे जड जाईल ते हजारोंच्या कंपनीला जड जाईलच असे नाही. सहकाऱ्यांच्या नाराजीबद्दलही न्यायालयाने स्पष्ट केले की त्यांच्यावर खरोखर कामाचा बोजा पडून धंद्याला झळ लागत असेल तर ती मोजायची. पण त्यांना तो धर्मच आवडत नाही किंवा धर्मासाठी सवलत देणेच खुपते, म्हणून नकार देता येणार नाही. लोकांच्या आकसाला खर्चाच्या रकान्यात जागा नाही. पोस्टमनचा खटला या नव्या कसोटीवर पुन्हा तपासण्यासाठी खाली पाठवला गेला.

आजाराला सूट, श्रद्धेला नकार

नियम खरोखर गरजेचा आहे की नुसता सवयीचा, हे ओळखायचे कसे? दोन प्रकरणे यावर लख्ख प्रकाश टाकतात.

न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराच्या पोलीस दलात दाढी ठेवायला मनाई होती. दोन सुन्नी मुसलमान पोलिसांनी दाढी काढायला नकार दिला. सर्व पोलीस एकसारखे दिसले पाहिजेत, असे दलाचे म्हणणे होते. पण वस्तऱ्याने त्वचेचा विकार वाढतो म्हणून काही पोलिसांना दाढी ठेवायची परवानगी दलानेच दिलेली होती. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने राज्यघटनेतील धर्मस्वातंत्र्याच्या आधारे या पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. आजारासाठी ठेवलेल्या दाढीने दलाची शान जात नसेल, तर श्रद्धेसाठी ठेवलेल्या दाढीने ती कशी जाते? हा निकाल लिहिणारे न्यायाधीशही अलिटोच होते. तेव्हा ते अपील न्यायालयात होते.

दुसरे प्रकरण वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणीचे. २०१२ मध्ये कंपनीने हजेरीसाठी हाताचा पंजा टिपणारे यंत्र बसवले. जवळजवळ चार दशके तिथे राबलेल्या एका श्रद्धाळू खाणकामगाराला ते बायबलच्या शेवटच्या ग्रंथात वर्णन केलेल्या ‘श्वापदाच्या खुणे’शी जोडलेले वाटले. दुसऱ्या मार्गाने हजेरी देऊ द्या, असे त्याने विनवले. हाताला दुखापत झालेल्या दोन कामगारांना कंपनीने बटणे दाबून क्रमांक टाकण्याची मुभा दिली होती आणि त्यासाठी तिला खर्चही नव्हता. याला मात्र तीच मुभा नाकारली. तो निवृत्ती घेऊन बाहेर पडला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला, पाच लाख डॉलरहून अधिक भरपाई मिळाली आणि २०१७ मध्ये अपिलातही निकाल टिकला. त्याची समजूत आपल्याला पटते का, हा प्रश्नच गैरलागू होता. न्यायालय श्रद्धेचे तर्कशास्त्र तपासत नाही. ती प्रामाणिक आहे का, एवढेच पाहते.

या दोन प्रकरणांत एक साधी कसोटी आहे. नियम इतर कोणत्या कारणासाठी वाकतो ते पाहावे. आजारासाठी, सोयीसाठी किंवा साहेबांच्या मर्जीसाठी जो नियम वाकतो आणि फक्त श्रद्धेसमोर ताठ उभा राहतो, तो नियम म्हणजे भेदभावच.

भेदभाव मनात दडलेला असतो तेव्हाही कायदा त्याला गाठू शकतो. ओक्लाहोमातल्या तुल्सा इथे २००८ मध्ये एक १७ वर्षांची मुलगी हिजाब घालून अ‍ॅबरक्रॉम्बी या कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली. मुलाखत चांगली झाली, पण डोक्यावर काही घालायचे नाही हा कंपनीचा नियम पुढे करून तिला नाकारले. तिने सवलत मागितलीच नव्हती, मग आम्हाला कसे कळणार, असा कंपनीचा बचाव होता. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. हा धर्माचा पेहराव असावा असा अंदाज कंपनीच्या माणसांना होताच. सवलत द्यावी लागेल, ही कटकट टाळण्यासाठी उमेदवाराला नाकारणे हाही भेदभावच ठरतो.

सीमा कुठे आहेत

श्रद्धेला जागा द्यायची याचा अर्थ ती म्हणेल ते सगळे द्यायचे, असा नाही. पहिली सीमा सुरक्षिततेची. ब्रिटनमधल्या दोन स्त्रिया गळ्यातल्या क्रुसासाठी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या. दोघींचा निकाल २०१३ मध्ये एकाच दिवशी लागला. ब्रिटिश एअरवेजच्या हीथ्रो विमानतळावरच्या कर्मचारी स्त्रीचे म्हणणे मान्य झाले, कारण छोट्या क्रुसाने कंपनीच्या प्रतिमेला काही बाधा येत नव्हती आणि पगडी, हिजाब यांना कंपनीने परवानगी दिलेलीच होती. रुग्णालयातल्या परिचारिकेचे मात्र अमान्य झाले. गळ्यातली साखळी रुग्ण ओढू शकतो, जखमेला लागू शकते, ही भीती रास्त ठरली. फिरत्या यंत्रापाशी काम करणाऱ्या बाईला मंगळसूत्र काढून ठेवायला सांगणे हाही याच जातीचा नियम आहे. अट एवढीच की धोका खरा असला पाहिजे आणि नियम सर्वांना लागू असला पाहिजे.

अर्थात, धोक्याचा विचार करूनही वाट काढता येते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या बस सेवेने शीख कर्मचाऱ्यांच्या पगडी-दाढीवर घातलेली बंदी मोठ्या संघर्षानंतर १९६९ मध्ये उठली. १९७६ मध्ये ब्रिटनने पगडीधारी शिखांना मोटरसायकलच्या हेल्मेटमधून सूट दिली. १९८९ मध्ये बांधकामावरच्या शिरस्त्राणातून आणि २०१५ मध्ये बहुतेक सर्व कामांच्या जागी अशी सूट मिळाली. जोखीम ज्याची त्याने पत्करायची, असा हा समझोता होता.

दुसरी सीमा इतरांच्या प्रतिष्ठेची. अमेरिकेतल्या बॉइसी शहरात ह्यूलेट-पॅकार्डच्या एका कर्मचाऱ्याने समलैंगिक सहकाऱ्यांना बोचतील अशी बायबलची वचने आपल्या जागेवर मुद्दाम लावली. ती दुखावण्यासाठीच लावली आहेत, असे त्याने सांगितले. काढायला नकार दिल्यावर त्याची नोकरी गेली आणि २००४ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीला योग्य ठरवले. आपली श्रद्धा जपणे आणि तिने दुसऱ्याला टोचत राहणे यांत फरक आहे. सहकाऱ्याशी धर्माबद्दल बोलावे, आमंत्रण द्यावे, पण तो ‘नको’ म्हणाला की तिथे थांबावे.

तिसरी सीमा मालकासाठी आहे आणि ती सहज विसरली जाते. मालकाची श्रद्धा नोकरांवर लादता येत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीत ‘ओनियनहेड’ नावाच्या आध्यात्मिक पद्धतीचे आचरण कर्मचाऱ्यांना सक्तीचे होते. प्रार्थना करायची, साहेबांना ‘माझे तुमच्यावर प्रेम आहे’ असे म्हणायचे, असा तो प्रकार होता. २०१८ मध्ये ज्यूरीने दहा कर्मचाऱ्यांना ५१ लाख डॉलरची भरपाई दिली. आपल्याकडे कार्यालयात सत्यनारायण होतो, खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. त्यात आनंद असतो, जिव्हाळाही असतो. पण ज्याला त्यात बसायचे नाही, त्याला न बसता येते का, वर्गणी न देता येते का, आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्याची किंमत तर मोजावी लागत नाही ना, हे पाहणे मालकाचे काम आहे.

युरोपात एक वेगळी वाटही आहे. कोणत्याच धर्माची खूण नको, अशी तटस्थता. २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने बेल्जियममधल्या हिजाबच्या खटल्यात सांगितले की कंपनीने सर्व धार्मिक, राजकीय चिन्हांवर सारखीच बंदी घातली असेल तर तो थेट भेदभाव होत नाही. मला ही वाट पटत नाही. ज्याच्या धर्मात दिसणारी खूण नाही त्याला या तटस्थतेची झळ लागत नाही. ज्याला पगडी किंवा हिजाब घालायचा आहे त्याला मात्र नोकरी आणि श्रद्धा यांतले एक निवडावे लागते.

परदेशातल्या मराठी माणसासाठी

अमेरिकेत काम करणाऱ्या मराठी माणसाने काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. व्हिसावर असलात तरी १९६४ चा नागरी हक्क कायदा तुम्हाला लागू आहे. गणपतीला किंवा दिवाळीला रजा, कंपनीच्या जेवणात शाकाहारी पदार्थ, कपाळावरचे कुंकू, हातातला गंडा या सगळ्यांसाठी विनंती करता येते. ती आधी आणि लेखी करावी, कारण धार्मिक आहे हे स्पष्ट लिहावे, आणि पाळी बदलून घ्यायला सहकारी तयार आहे का हेही सुचवावे. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रारीची मुदत साधारण १८० दिवसांची असते, आणि राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३०० दिवसांची. तक्रार केली म्हणून सूड घेणे हा मालकाचा स्वतंत्र कायदेभंग ठरतो.

आणि आपल्याकडे?

भारतीय राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभावाला बंदी घातली आणि २५ व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला दोन वैकल्पिक सुट्ट्या निवडता येतात. ही श्रद्धेची एक चांगली सोयच आहे. पण गणवेशधारी दलांत शिस्तीचे पारडे जड राहिले. हवाई दलातल्या एका मुसलमान कर्मचाऱ्याला दाढीवरून काढले, ते २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवले. हवाई दलाच्या नियमांत ज्यांच्या धर्मात केस कापायलाच मनाई आहे त्यांना सूट आहे. ती सूट याला लागू होत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका शिपायाचा दाढीसाठीचा अर्जही मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळला.

मोठी पोकळी आहे ती खासगी क्षेत्रात, जिथे बहुतेक तरुण नोकरी शोधतात. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी केलेला प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, फक्त आडनाव-नाव वेगळे: सवर्ण हिंदू, दलित आणि मुसलमान. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. हे अर्ज करणारे लोक अस्तित्वातच नव्हते. त्यांना कोणी पाहिले नव्हते, त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते. दार बंद व्हायला नाव पुरेसे ठरले.

२०१५ मध्ये मुंबईतल्या एका निर्यात कंपनीने एका एमबीए झालेल्या तरुणाला ईमेलवर उत्तर पाठवले की आम्ही फक्त बिगरमुसलमान उमेदवार घेतो. एरवी जे मनात राहते ते त्या दिवशी कागदावर आले. खासगी नोकरीतल्या धार्मिक भेदभावाविरुद्ध कायदाच नसल्याने पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणण्याच्या कलमाखाली. त्या तरुणाचे दुःख अगदी साधे होते, नोकरीचे होते. त्यासाठी कायद्याला इतका लांबचा वळसा घ्यावा लागला.

असा कायदा करणे आपल्याला अनोळखी नाही. रोजगारातल्या भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारावर, ज्यात धर्माचा स्पष्ट उल्लेख आहे, भारताने १९६० मध्येच मोहोर उमटवली. २००६ मध्ये सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. आणि ‘वाजवी सोय’ ही कल्पना तर आपल्या कायद्यात आहेच. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तिची व्याख्या आहे आणि खासगी आस्थापनांनाही त्याखाली समान संधीचे धोरण करावे लागते. एचआयव्हीबाधितांसाठीच्या २०१७ च्या कायद्याने खासगी नोकरीतही भेदभावाला बंदी घातली. म्हणजे मालकाला हे सांगण्याचा अधिकार आणि अनुभव संसदेकडे आहे. तो धर्म आणि जात यांच्याबाबतीत वापरायचा बाकी आहे.

कायदा येईपर्यंतही मालकाला पुष्कळ करता येते. पाळ्यांचे वेळापत्रक लावताना रमजान, पर्युषण, ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन, गुड फ्रायडे आणि आषाढी आधीच ध्यानात घ्यावे. अर्ज छाननीला देताना त्यावरचे नाव झाकावे. गणवेशाचा प्रत्येक नियम कोणत्या कारणाने केला ते लिहून ठेवावे, आणि कारण सापडत नसेल तर तो नियम रद्द करावा. यासाठी मोठी रक्कम लागत नाही. ज्या देशात इतके धर्म, पंथ आणि सण एका छताखाली राबतात, त्या देशाने कामगाराला त्याचे संपूर्ण माणूसपण घेऊन कामावर येऊ द्यावे, हा त्याचा हक्क म्हणून मान्य झाला पाहिजे. मालकाच्या चांगुलपणावर तो सोडून चालणार नाही.